निरोगी, क्रमांक सतरा

गुरुवारच्या बैठकीत भिंतीवर ठिपके आले तेव्हा तो खिडकीशी उभा होता. खिडकीची कडी नीट बसत नव्हती, वाऱ्याने तावदान वाजत होतं, म्हणून कागदाची घडी करून तो ती फटीत सारत होता. ठिपक्यांकडे त्याची पाठ होती. ते पाहायची त्याला गरजही नव्हती. रक्त आलं की ते फिरवायचं, पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, नळ्यांवर क्रमांक घालायचे, वहीत नोंद करायची आणि उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवायचं, एवढं त्याचं काम. पुढे त्या रक्ताचे आकडे होत आणि आकड्यांचे ठिपके, ते दुसऱ्यांचं काम. बावीस वर्षांत त्याच्या हातून एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती. प्रयोगशाळेत त्याला काटा म्हणत, तराजूचा काटा. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि त्याला ते आवडायचं.

"एक पाहुणा सापडलाय," आकडेवाला म्हणाला. तो सगळ्यांचं गणित करायचा आणि असं बोलायची त्याला सवय होती. "निळे ते निरोगी, केशरी ते आजारी. मध्ये सरमिसळ आहे, ती असणारच. पण हा एक निळा बघा. थेट केशऱ्यांच्या घरात, अगदी आतल्या खोलीत जाऊन बसलाय. जावईबापू आले आणि घरजावई झाले."

दोघं-तिघं हसले. "कितवा?" डॉक्टरबाईंनी विचारलं. प्रकल्प त्यांचा होता.

"निरोगी, क्रमांक सतरा."

त्याचा हात कडीवरच राहिला. लोखंड गार होतं. सतरा म्हणजे कोण हे त्या खोलीत वही न उघडता सांगता येईल असा तो एकटाच होता, असं निदान त्याला तेव्हा वाटलं. अडीच वर्षं ते उदास माणसांचं रक्त गोळा करत होते. उदास म्हणजे चार दिवस मन खट्टू झालेली नव्हेत. डॉक्टरांनी आजार म्हणून नोंदवलेली. त्यांच्या रक्तात, जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या जनुकांवर, काही खुणा वेगळ्या आहेत का, हे पाहायचं होतं. जनुक तेच राहतं, डॉक्टरबाई नव्या माणसाला समजावून सांगायच्या, पण त्यावर एक बारीकसा रासायनिक ठिपका चिकटतो किंवा गळून पडतो, आणि त्याप्रमाणे ते जनुक जोरात चालतं किंवा गप्प बसतं. तुलनेला निरोगी माणसंही हवी होती. आजारी माणसं रांगेने मिळत होती, निरोगी मिळेनात. शेवटी प्रयोगशाळेतल्याच लोकांनी बाह्या वर केल्या. तो पहिला होता. सोबत एक प्रश्नावली भरायची होती. रात्री झोप उडते का. आवडीच्या गोष्टी आवडेनाशा झाल्यात का. आपण कुचकामी आहोत असं वाटतं का. त्याने प्रत्येक ओळीसमोर "कधीच नाही" या चौकटीत खूण केली, वरपासून खालपर्यंत, एका सरळ रेषेत, आणि त्या खुणाही इतक्या एकसारख्या होत्या की बघणाऱ्याला पट्टी लावून केल्यासारख्या वाटाव्यात.

"नळी बदलली असणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो वगळा. पण वगळायचा तर कारण लेखी लागेल. लेबलं कोणी लावली होती त्या आठवड्यात?"

तो वळला. त्याने तोंड उघडलंही असेल. पण त्याच्या आधी दाराजवळच्या खुर्चीवरून रक्त काढणाऱ्या बाई बोलल्या. "मी काढत होते रक्त. लेबलंही मीच लावली. माझ्याकडून झालं असेल इकडचं तिकडे." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. चाळिशी उलटलेली बाई, बारा वर्षं घरी बसून परत कामाला लागलेली, कंत्राटावर. कंत्राट पुढल्या महिन्यात संपत होतं आणि ते वाढवायचं की नाही हे डॉक्टरबाईंच्या शेऱ्यावर होतं. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"सोमवारी मला द्या लिहून, दोघंही," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि भिंतीवर पुढचं चित्र आलं.

बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. बाहेर दुकानं बंद व्हायच्या आधीची लगबग होती, एक माणूस काचेचं दार दोन्ही हातांनी पुसत होता. त्याने विचार केला की अजून काहीच झालेलं नाही. बाईंनी चूक कबूल केली आहे, केलेली नसताना. सोमवारी दोन ओळी लिहायच्या आणि सतरा क्रमांक जगातून नाहीसा. त्याला जरा बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची शिसारी आली. हे त्याच्या ओळखीचं होतं: कुठलीही भावना आली की तिच्या मागोमाग दुसरी येई आणि पहिलीला बखोटीला धरून बाहेर काढी. मग दोन्ही नाहीत. मग नुसतं ते, ज्याला त्याने अकरा वर्षांत नाव दिलं नव्हतं. सुरू झालं तेव्हा काही घडलंही नव्हतं. कोणी गेलं नव्हतं, नोकरी शाबूत होती, मुलगी पाच वर्षांची होती आणि घरभर गाणी म्हणत होती. एका मंगळवारी वजनाच्या खोलीत तो एका भुकटीचं वजन करत होता आणि काटा स्थिर व्हायची वाट पाहता पाहता त्याला वाटलं की हा स्थिर झाला काय आणि नाही झाला काय. एवढंच. तो विचार गेलाच नाही. तो सकाळी त्याच्याआधी उठू लागला. अंग जड व्हायचं, सांधे धरल्यासारखे व्हायचे, तापाआधी होतात तसे, आणि ताप यायचा नाही. घरी तो न्हाणीघरात नळ सोडून स्टुलावर बसून राहायचा, पंचवीस मिनिटं, कधी चाळीस. "अंघोळ म्हणजे ह्याची समाधीच असते," बायको पाहुण्यांना सांगायची, आणि पाहुण्यांबरोबर तोही हसायचा. कामात मात्र तो अधिकाधिक नेमका होत गेला. चूक झाली असती तर कोणीतरी विचारलं असतं, काय रे, बरं नाही का. त्याने कोणाला ती संधी दिली नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तो मुलीच्या दारापाशी थांबला. ती सोळा वर्षांची झाली होती. दार लोटलेलं होतं. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. "जेवायचंय ना?" "नंतर." "बरं वाटत नाही का?" "बाबा, काही नाहीये." सोळा वर्षांची सगळीच मुलं भिंतीकडे तोंड करून पडतात, त्याने स्वतःला सांगितलं. पण तो तिथून हलेना. तिचा हात चादरीबाहेर होता, कोपराच्या आतल्या बाजूला निळी शीर दिसत होती, आणि आपण तिच्याकडे नळीकडे बघावं तसं बघतोय हे लक्षात येऊन तो स्वयंपाकघरात निघून गेला.

त्याचे वडील पाणीखात्यात नकाशे काढायचे. जमिनीखालून कुठला नळ कुठे जातो, कुठल्या चौकात कुठली चावी, हे त्यांना तोंडपाठ असे. तो नऊ वर्षांचा असताना एके दिवशी ते दुपारीच घरी आले, बूट न काढता कपाटाजवळच्या खुर्चीत बसले, आणि बसले ते बसलेच. आई दोघा भावंडांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, "बाबांना सर्दी झालीय. दंगा करू नका." ती सर्दी दोन वर्षं टिकली. आई खरोखरच पातेल्यात पाणी उकळून वाफारा द्यायची, आणि वडीलही डोक्यावर टॉवेल घेऊन पातेल्यावर वाकायचे, बिचारे. शेजारी विचारत, "अजून सर्दीच?" आई म्हणे, "जुनाट आहे." तो शाळेतून आला की वडिलांच्या खिशात इस्त्रीचा रुमाल ठेवून यायचा. ते त्याचं काम होतं, त्याला ते मोठं जबाबदारीचं वाटे. संध्याकाळी तो रुमाल काढून घ्यायचा तेव्हा त्याची घडी मोडलेली नसायची. घडी मोडलेली नाही हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्याने ते कोणाला सांगितलं नाही. ताईला सांगितलं नाही, आईला तर नाहीच. घरातलं कोणीतरी खोटं बोलतंय आणि ते उघडं पडलं तर खुर्चीतले वडील खाली पडतील, असं काहीसं त्याला वाटत असावं. रोज तो स्वच्छ रुमाल धुवायला टाकी. पुढे एक दिवस वडील उठले आणि कामावर गेले. आई म्हणाली, "गेली सर्दी." ती नंतर दोनदा आली. मग वडील हृदयाच्या झटक्याने गेले आणि सर्दीचा विषय संपला.

शुक्रवारी तो दुपारपर्यंत फ्रीझरच्या खोलीत काहीबाही आवरत राहिला. जाड हातमोजे घालून त्याने पेटी बाहेर काढली. वाफेत हात दिसेनासे झाले. सतरा नंबरची नळी त्याने उजेडात धरली. लेबल सरळ चिकटवलेलं होतं, कडेला कडा जुळवून. चूक शोधायला जागा नव्हती. एवढ्याशा नळीत त्याचं काय होतं, दोन थेंब, आणि ते त्याच्यापेक्षा खरं बोललं होतं. ती चुकून फुटली तर? हातमोज्यातून निसटतात कधीकधी. त्याने ती परत तिच्या खाचेत ठेवली. मग तो डॉक्टरबाईंच्या खोलीत गेला. त्या त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान होत्या आणि भरभर खात भरभर टाइप करत होत्या.

"एक विचारायचं होतं. त्या एका ठिपक्यावरून त्या माणसाबद्दल काही कळतं का?"

"काही म्हणजे काही नाही. ते चारशे माणसांचं मिळून चित्र आहे. एकट्याचं निदान त्यातून होत नाही, आणि होतं म्हणून कोणी सांगितलं तर त्याला दारात उभं करू नका. ठणठणीत माणूसही तिकडे जाऊ शकतो. नुकता फ्लू होऊन गेलेला असेल. सिगारेट ओढत असेल."

"मग सतरालाच चूक का म्हणायचं?"

"कारण तो फारच आत आहे. आणि छापायला गेलं की पहिला प्रश्न तोच येईल." त्या थांबल्या. "का हो?"

"वहीत काय लिहायचं ते ठरवतोय." तरी तो उभाच राहिला. "ह्या खुणा बापाकडून मुलाकडे येतात का?"

"माणसांत ते अजून धड कोणाला माहीत नाही. बाप आणि मूल एकाच घरात राहतात, एकच हवा, एकच धास्ती. कशातून काय आलं ते सोडवता येत नाही." आता त्या खुर्चीत मागे टेकल्या होत्या. हा त्यांचा आवडता विषय होता. "असं बघा, ताप आला की तुम्ही काय करता? पडून राहता. जेवण नको, बोलणं नको, उजेड नको. ते जंतू करत नाहीत, तुमचं शरीरच करतं, लढायला बळ वाचावं म्हणून. आता समजा, जंतू नाहीच, आणि शरीर मात्र लढाई चालूच ठेवतंय. महिनोन्महिने. काहींच्या बाबतीत, सगळ्यांच्या नाही, असं काहीतरी होत असावं, असा आमचा अंदाज."

"सर्दीच म्हणायची," तो म्हणाला.

"म्हणा ना. फक्त नाक वाहत नाही."

"आणि पुसल्या जातात का? खुणा?"

"काही जातात. काही राहतात. कुठल्या, ते कळलं तर मी दोन दिवस झोपून काढीन."

तो हसला. जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं की डॉक्टरबाईंनी नकळत त्याला वाट करून दिली आहे. फ्लू झाला होता, असं लिहायचं. दात्याला नुकताच फ्लू होऊन गेला होता, नोंदवायचं राहिलं. बाईही सुटल्या, तोही सुटला. त्याने मनात वाक्य जुळवलं, त्यातला एक शब्द बदलला, आणि मग पायरीवरच थांबला. आपण आईचंच वाक्य लिहितोय हे त्याला कळलं. चाळीस वर्षांनी, पातेल्यात पाणी उकळून.

शनिवारी त्याने ताईला फोन केला. ती दुसऱ्या शहरात कोर्टात टायपिस्ट होती, निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. इकडचं तिकडचं झालं, भाच्याची परीक्षा, तिचा गुडघा. मग तो म्हणाला, "ताई, बाबांना काय झालं होतं गं?"

"कधी?"

"तेव्हा. खुर्चीत."

"सर्दी," ती म्हणाली. तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "तुला होते का रे?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला होते," ताई म्हणाली. "दोन-तीन वर्षांतून एकदा. गेल्या वेळी सहा महिने होती. कोर्टात लोक काय काय सांगतात आणि मी टाइप करते. तेव्हा नुसतीच बोटं चालायची, मी तिथे नसायचेच. मी गोळ्या घेते. ह्यांना सांगितलंय की हाडांच्या आहेत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" ती जराशी हसली. "तू तर आपल्या घरातला शहाणा. सगळ्यांना सांगते मी, माझ्या भावाचं कधी काही चुकत नाही म्हणून."

त्याला ताईची दया आली नाही. त्याला राग आला, आणि कशाचा आला हे शोधताना तो गोंधळला. इतकी वर्षं आपण ह्यात एकटे आहोत असं तो धरून चालला होता; ते एकटेपणही आता त्याचं राहिलं नव्हतं. घरातल्या प्रत्येकाने एकेक खोली घेतली होती आणि आतून कडी लावून घेतली होती, आणि भिंतीपलीकडे कोण बसलंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. "बोल काहीतरी," ताई म्हणाली. तो म्हणाला, "मी नंतर करतो फोन." रविवारी त्याने केला नाही. रविवारी तो चाळीस मिनिटं नळ सोडून बसला, आणि मुलीने दारावर टकटक करून विचारलं, "बाबा, आहात ना?" तेव्हा "आहे" म्हणायला त्याला घसा साफ करावा लागला.

सोमवारी तो लवकर गेला. रक्त काढायच्या खोलीत बाई कापसाचे बोळे करून डब्यात भरत होत्या. खोली अरुंद होती, एक खुर्ची, हात ठेवायला उतरती फळी, भिंतीवर हात धुवायच्या सूचना. त्याने दार लावलं.

"तुम्ही लेबल चुकवलेलं नाहीत," तो म्हणाला. "मी बघितलंय. नळी बरोबर आहे."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "सतरा म्हणजे तुम्ही. मीच काढलं की रक्त. तोवर बाहेरचे सोळा झाले होते, आणि मग तुम्ही बसलात."

"मग असं का म्हणालात?"

बाईंनी दोन बोळे केले, तिसरा केला. "तुम्ही बाही वर केलीत आणि म्हणालात, घ्या हवं तेवढं, कोणाला हवंय ते. हसून म्हणालात. आमचे हे असंच बोलायचे. अगदी असंच हसून. नऊ वर्षं होतं आमच्याकडे. ते भिंतीवर ठिपके टाकतात ना, त्याची मला काही गरज नाही."

"आता कसे आहेत ते?"

"गेले. मी भाजी आणायला गेले होते तेवढ्यात."

बाहेर कोणीतरी गाडी ढकलत नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं.

"गुरुवारी तुम्ही खिडकीशी उभे होता," बाई म्हणाल्या. "चौथा मजला. तुमचा नंबर त्यांनी वाचला आणि तुमचा हात कडीवर होता. मला दुसरं काही सुचलं नाही हो. म्हटलं, आत्ता आपण काहीतरी बोलावं."

"मी कडी बसवत होतो. तावदान वाजत होतं."

"हो," बाई म्हणाल्या. "आमचेही काहीतरी दुरुस्तच करत असायचे नेहमी."

त्याला म्हणायचं होतं की तसं काही नव्हतं. ते खरंही होतं. त्याने गुरुवार पुन्हा आठवून पाहिला: कागदाची घडी, गार लोखंड, खाली वाहनतळावर उभ्या असलेल्या गाड्यांची टपं. टपं त्याने मोजली होती. अकरा होती. आता त्याला आठवलं की दर गुरुवारी तो तीच जागा घ्यायचा आणि दर गुरुवारी मोजायचा, आणि का मोजतो हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तो रक्त देणाऱ्याच्या खुर्चीत बसला. बाईंनी काही न बोलता पाण्याचा ग्लास पुढे केला आणि पुन्हा बोळे करायला लागल्या.

"तुमच्या कंत्राटाचं काय?" त्याने विचारलं.

"मला कोणाचीही शीर सापडते. काम मिळेल कुठेही." मग त्या म्हणाल्या, "पण इथलं राहिलं तर बरं. बस सरळ मिळते."

डॉक्टरबाईंना सांगायला चार मिनिटं लागली. ह्या चार मिनिटांची त्याने अकरा वर्षं धास्ती घेतली होती आणि ती अशी झाली: तो उभा राहून बोलला, सतरा क्रमांक मी आहे, नळी बरोबर आहे, बाईंनी काही चुकवलेलं नाही, प्रश्नावली मी खोटी भरली. डॉक्टरबाईंचा चेहरा आधी शास्त्रज्ञाचाच होता.

"सगळी खोटी?"

"वय खरं आहे."

त्यांनी कपाळ चोळलं. "तुम्ही. तुम्ही असं करावं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी तुम्हालाच त्याच्यामागे लावलं असतं." मग थोड्या वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "किती दिवस आहे?"

"अकरा वर्षं."

"कोणाला दाखवलंय?"

"नाही."

सतरा क्रमांक निरोग्यांत ठेवता येणार नव्हता. आजाऱ्यांतही घेता येत नव्हता, कारण त्याच्या नावावर निदान नव्हतं. तो काढून टाकावा लागणार होता आणि तशी नोंद त्यानेच करायची होती. त्याने वही उघडली आणि आपल्या नेटक्या अक्षरात लिहिलं: नळी बरोबर. दिलेली माहिती चुकीची. दात्याने स्वतः सांगितले. खाली सही केली. डॉक्टरबाईंनी तोवर कोणाला तरी फोन केला होता. रस्त्यापलीकडच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, उद्या सकाळी साडेनऊ. "मी वेळ घेतलीय," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही गेला नाहीत तर मला कळेल, आणि मी येऊन घेऊन जाईन. हे मी साहेब म्हणून नाही सांगत." तो हो म्हणाला. आता हलकं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही. लपायला एक जागा होती, तिथून त्याला उठवण्यात आलं होतं, आणि दुसरी जागा अजून मिळाली नव्हती.

बायको चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. ती साडेसहाला आली, चप्पल काढली, तोंड धुतलं आणि शेंगा सोलायला बसली. मुलगी शिकवणीला गेली होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आणखी चार मिनिटं, त्याने स्वतःला सांगितलं. पण इथे वाक्यं तशी येईनात. सकाळी जे नोंदीसारखं सांगता आलं होतं ते इथे तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं, आधी ताईचं, मग वडिलांचं, मग रक्ताचं, आणि सगळ्यात शेवटी आपलं. तो बोलत असताना तिचे हात थांबले नाहीत. तो गप्प झाला तेव्हा थांबले.

"अकरा वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"अकरा वर्षं तू न्हाणीघरात बसायचास ते..."

"हो."

त्याने तिच्या रडण्याची तयारी केली होती. तिने जवळ यावं, डोक्यावरून हात फिरवावा, असंही कुठेतरी धरलं होतं. तिने परात बाजूला सारली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तुला माहीतेय मी काय समजत होते? मला वाटायचं तुला माझा कंटाळा आलाय. घरी आलं की तू आत जाऊन दार लावतोस, ते माझं तोंड बघायला नको म्हणून. पहिली दोन वर्षं मी नवीन कपडे घेत होते. मग मी म्हटलं, दुसरी कोणी असेल. तुझे खिसे बघितले मी. चिठ्ठीचपाटीसुद्धा नाही. मग म्हटलं, नाहीये कोणी, मी आवडत नाही एवढंच आहे, आणि माणूस सभ्य आहे म्हणून सोडून जात नाही. हे मी मान्य करून बसलेय, कळतंय का तुला? ह्या घरात. लोकांना हसून सांगायचे, समाधी असते म्हणून. दिवसभर मी अनोळखी माणसांच्या डोळ्यांत बघते. आणि घरी माझ्या..." ती थांबली. "तू एका वाक्यात सांगू शकला असतास."

"नव्हतं येत."

"मला कळतंय नव्हतं येत. मी डॉक्टर नाही पण मला कळतंय. तरी मी चिडलेय."

"चीड ना," तो म्हणाला.

"तू परवानगी देऊ नकोस मला."

तो दारातच उभा होता. आत जावं की मागे सरकावं ते कळेना. आपलं जे काही आहे ते आपल्याच अंगात बंद आहे, बाहेर गळत नाही, ह्याची त्याने खबरदारी घेतली होती. तीच त्याची एकमेव कर्तबगारी होती. आणि समोर ही बाई बसली होती, जी त्याच घरात, त्याच अकरा वर्षांत, दुसऱ्याच कुठल्यातरी कारणाने कोंडून पडली होती. तिच्या रक्तात आता काय उमटलं असेल? हे कोणी मोजणार नव्हतं.

"सांग मला," ती म्हणाली, आवाज खाली आला होता, "मी काय करू आता ह्या अकरा वर्षांचं?"

त्याने उत्तर शोधलं, प्रामाणिकपणे शोधलं, आणि नाही म्हणून मान हलवली. बायकोने परात पुन्हा ओढून घेतली. एक शेंग सोलली, दाणे काढले, साल टाकलं.

"उद्या किती वाजता आहे?"

"साडेनऊ."

"मी अर्धा दिवस रजा टाकते."

"यायलाच हवं असं नाही," तो म्हणाला. "मी जाईन. मी खरंच जाईन."

"तुझ्यासाठी नाही येत," ती म्हणाली. "मलाही विचारायचंय त्यांना."